उसनी शक्ती

वर्ध्याहून आठ किलोमीटरांवर असलेले सेवाग्राम आज साऱ्या जगाला ठाऊक आहे. परंतु ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी तेथे राहावयास आले, तेव्हा ते सेगाव नावाचे एक आडबाजूचे खेडे होते. सेवाग्राम हे नाव त्याला पुढे १९४० साली मिळाले. भोवताली शेते व झुडुपांचे रान, आणि त्या रानात सापांचा व विंचवांचा सुळसुळाट. आश्रमाचे व्रत अहिंसेचे. सापाला मारावयाचे नाही, आणि त्याला माणसांच्या अंथरुणापर्यंत येऊही द्यावयाचे नाही, असा तो पेच होता. तेव्हा आश्रमवासीयांनी एक लाकडी चिमटा व एक पेटी करवून घेतली. साप दिसला की चिमट्यात धरावा, पेटीत घालावा आणि दूर नेऊन सोडून द्यावा, असा प्रघात पडला. ही साधने आश्रमात अजून जपून ठेवली आहेत.

चिमटा हाती येण्यापूर्वी जो एक क्षण जात असेल, त्याचा येथे विचार करावयाचा आहे. दिवसभर शेतात खपलेला एखादा मनुष्य संधिप्रकाशात पायवाटेने घराकडे चालला आहे. पाय जड झाले आहेत, डोळ्यांवर झापड आली आहे. इतक्यात दोन पावलांवर काहीतरी वळवळते. 'साप' हा शब्द मनात उमटण्यापूर्वीच त्याचे पाऊल मागे येते. छाती धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते, अंगावर काटा उभा राहतो, तळहातांना घाम फुटतो. क्षणापूर्वी जो पाय ओढीत चालला होता, तोच आता हरिणासारखी उडी घेऊन पलीकडच्या बांधावर उभा असतो. त्याचा थकवा कोठे गेला? आणि ही शक्ती कोठून आली?

या प्रश्नाचे उत्तर मूत्रपिंडांच्या माथ्यावर सापडते. आपल्या पोटात, पाठीच्या बाजूस, कण्याच्या दोहो अंगांना दोन मूत्रपिंडे असतात. त्या प्रत्येकावर टोपी घालावी तशी एक लहानशी ग्रंथी बसलेली असते. मूत्रपिंडाला संस्कृतात वृक्क म्हणतात. म्हणून वृक्काच्या वर असणाऱ्या या ग्रंथींना अधिवृक्क ग्रंथी असे नाव आहे. उजवीचा आकार त्रिकोणी, तर डावीचा चंद्रकोरीसारखा. प्रत्येकीचे वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे रुपयाच्या नाण्याहून थोडेसे अधिक. एवढ्याशा या ग्रंथी. परंतु त्या नसतील तर मनुष्य जगू शकत नाही.

बार्तोलोमेओ युस्ताकी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने सोळाव्या शतकात या ग्रंथींचे वर्णन करून ठेवले होते. त्या कशासाठी असाव्यात, हे मात्र पुढे जवळजवळ तीनशे वर्षे कोणाला उमगले नाही. १८५५ साली टॉमस अ‍ॅडिसन या इंग्रज वैद्याने काही विलक्षण रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. हे रोगी दिवसेंदिवस क्षीण होत जात, त्यांचे वजन घटे, कातडी काळवंडे आणि शेवटी ते दगावत. मृत्यूनंतर शरीर उघडून पाहिले असता त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी नष्ट झालेल्या आढळल्या. कित्येकांच्या बाबतीत तर क्षयरोगाने त्या पोखरून टाकल्या होत्या. या रोगाला अ‍ॅडिसनचेच नाव मिळाले. तो क्वचितच होतो, आणि ग्रंथी जे रस निर्माण करतात तेच आता गोळ्यांच्या रूपाने देता येत असल्यामुळे रोगी चांगले आयुष्य जगू शकतो.

अधिवृक्क ग्रंथी आडवी कापून पाहिली, तर ती महाळुंगाच्या फळासारखी दिसते. साल जाड आणि आत गर थोडका. साल व गर यांची कामेही वेगवेगळी आहेत. आतल्या गरात अ‍ॅड्रिनॅलिन नावाचा रस तयार होतो. शरीरातील ज्या ग्रंथी आपला रस नळीवाटे न सोडता थेट रक्तात मिसळतात, त्यांच्या रसाला संप्रेरक म्हणतात. अ‍ॅड्रिनॅलिन हे असेच एक संप्रेरक होय. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून ते गुरांच्या ग्रंथींतून शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळे केले, आणि १९०१ साली ही गोष्ट जगापुढे मांडली.

साप दिसताच मेंदूकडून मज्जातंतूंवाटे या ग्रंथींना आज्ञा जाते, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात उतरते. हृदय जोराने व जलद चालू लागते. श्वासनलिका रुंदावतात, म्हणजे अधिक हवा आत येते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. कातडीकडे व आतड्यांकडे जाणारे रक्त कमी होऊन ते हातापायांच्या स्नायूंकडे वळविले जाते. म्हणूनच घाबरलेल्या माणसाचा चेहरा पांढरा पडतो आणि त्याला घास गिळवत नाही. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने कुत्रा भुंकत अंगावर येताना पाहून भेदरलेल्या मांजराच्या रक्ताची परीक्षा केली, तेव्हा शांत बसलेल्या मांजराच्या रक्तात न आढळणारा हा रस त्याला त्यात आढळला. 'लढा किंवा पळा' यांसाठी शरीराने केलेली ही सिद्धता आहे, असे त्याने १९१५ साली आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. या ग्रंथी शक्ती निर्माण करीत नाहीत. शेतकऱ्याच्या घरी कणगीत धान्य साठविलेले असते, त्याप्रमाणे आपल्या यकृतात साखरेचा व शरीरात ठिकठिकाणी चरबीचा साठा असतो. अधिवृक्क ग्रंथी या कणगीचे तोंड उघडतात, एवढेच. उडी मारणाऱ्या माणसाला जी शक्ती मिळाली ती त्याच्याच घरची, उद्या-परवासाठी ठेवलेली होती. ती उसनी घेतलेली शक्ती होय. तिची परतफेड अन्नाने आणि विश्रांतीने करावी लागते. साप निघून गेल्यावर हातपाय थरथरतात, गळून गेल्यासारखे होते आणि कोठेतरी टेकावेसे वाटते. ते याच कारणाने.

वन्य प्राण्यांना ही परतफेड कोणी शिकवावी लागत नाही. वर्धा व नागपूर जिल्ह्यांच्या सीमेवर बोरचे जंगल आहे. २०१४ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथे पाणवठ्यावर चितळांचा कळप चरत असतो. एखादे चितळ कान टवकारते, पाय आपटते, तीक्ष्ण स्वर काढते, आणि क्षणार्धात सारा कळप उधळतो. वाघाची झेप बहुतेक वेळा फसते. वाघ दूर गेला आहे अशी खात्री पटली, की थोड्याच वेळात ती चितळे पुन्हा माना खाली घालून गवत खाऊ लागतात. मघाशी काय झाले याची उजळणी ती करीत बसत नाहीत, आणि उद्या वाघ कोणत्या बाजूने येईल याची चर्चाही करीत नाहीत. अ‍ॅड्रिनॅलिनचा अंमल काही मिनिटांचाच असतो. कणगी उघडली, काम झाले, कणगी मिटली.

आता ग्रंथीच्या सालीकडे वळू. तिच्यातून निघणाऱ्या अनेक संप्रेरकांपैकी कॉर्टिसॉल हे एक महत्त्वाचे आहे. अ‍ॅड्रिनॅलिन जर धावत येणारा जासूद म्हटले, तर कॉर्टिसॉलला घरचा कारभारी म्हणावे लागेल. त्याची चाल संथ आहे. मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा भाग आहे. तो पीयूषिका ग्रंथीला सांगतो, आणि पीयूषिका रक्तावाटे अधिवृक्क ग्रंथींना सांगते. या निरोपानिरोपीत काही मिनिटे जातात, म्हणून संकट येऊन गेल्यावरही कॉर्टिसॉल बराच वेळ वाढलेले असते. रक्तातील साखर टिकविणे, रक्तदाब सांभाळणे, सूज आटोक्यात ठेवणे ही त्याची कामे आहेत.

कॉर्टिसॉल केवळ संकटातच स्रवते असे मात्र नाही. त्याला दिवसरात्रीचे भान असते. मध्यरात्रीच्या सुमारास रक्तात ते सर्वांत कमी असते, उत्तररात्री ते चढू लागते, आणि मनुष्य जागा होतो त्या सुमारास ते सर्वांत अधिक असते. खेड्यात कोंबडा आरवण्यापूर्वी उठून जात्यावर बसणाऱ्या बायांना, अथवा पहाटे बैलांना वैरण घालणाऱ्या गड्यांना उठल्याबरोबर जी हुशारी वाटे, तिच्यामागे हा कारभारी होता. रात्री वेळेवर झोपणाऱ्याचा हा क्रम सुरळीत चालतो. रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्याचा क्रम विस्कटतो, आणि मग सकाळी अंथरूण सोडताना अंग मोडून आल्यासारखे वाटते.

येथवर सर्व ठीक आहे. अडचण पुढेच आहे, आणि ती केवळ माणसाची आहे.

वेदान्तात दोरी आणि साप यांचा दृष्टान्त फार प्रसिद्ध आहे. अंधारात वाटेवर पडलेली दोरी पाहून मनुष्याला साप भासतो आणि तो भिऊन पळतो. दिवा आणल्यावर कळते की, ती दोरीच होती. तत्त्वज्ञांनी हा दृष्टान्त निराळ्या हेतूने योजिला आहे. पण शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही तो अगदी यथार्थ आहे. साप खोटा असला, तरी त्या माणसाच्या छातीतील धडधड खोटी नसते. अधिवृक्क ग्रंथींना डोळे नाहीत. मनाने 'साप' म्हटले की त्या कणगी उघडतात. शिवाय खरा साप सरपटत निघून जातो. दोरी मात्र आपल्या जागीच पडून राहते! ज्याच्या मनात अशी दोरी पडली, त्याच्या ग्रंथींना 'संकट टळले' हा निरोप कधी मिळतच नाही.

उद्याची परीक्षा ही अशी एक दोरी आहे. परीक्षा तीन तासांची. पण तिची धास्ती पंधरा दिवस आधीपासून पोटात गोळा आणते. वर्ध्याच्या कास्तकाराची दोरी याहून फार मोठी असते. मृग नक्षत्र लागले, कपाशीचे बियाणे जमिनीत पडले, आणि पावसाने ओढ दिली. बियाणे उसने आणलेले, खत उधारीचे. दुबार पेरणी करावी तर पैसा कोठून आणावा? भाव काय मिळेल? रात्री आभाळाकडे पाहत तो खाटेवर पडून असतो. त्याच्यावर कोणी धावून आलेले नसते. तरीही त्याचे शरीर पहारा देत जागे असते. ही काही कल्पनेतील गोष्ट नव्हे. २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या हलाखीमुळे केंद्र सरकारला मदतीची खास योजना जाहीर करावी लागली, त्यांत वर्धा जिल्हा होता. अशा घरातील मुलालाही वडिलांच्या चेहऱ्यावरची काळजी दिसते, आणि वहीत डोके घालून बसले तरी त्याचे लक्ष लागत नाही. पुष्कळदा अशा मुलाला आळशी म्हणतात. ते योग्य नाही.

ताण दीर्घकाळ टिकला तर शरीरात काय घडते, याचा शोध हान्स सेल्ये याने लावला. हा शास्त्रज्ञ कॅनडातील माँट्रिअल येथे उंदरांवर प्रयोग करीत होता. त्याने उंदरांना निरनिराळ्या प्रकारे कष्ट दिले. कोणाला थंडीत ठेवले, कोणाला दमेपर्यंत पळविले, कोणाला अपायकारक द्रव्ये टोचली. कष्ट वेगवेगळे, परंतु परिणाम सारखेच निघाले. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, रोगाशी झुंजणारी वक्षातील ग्रंथी आक्रसली, आणि जठरात व्रण पडले. त्याचा हा निष्कर्ष १९३६ साली प्रसिद्ध झाला. गांधीजी सेगावास आले ते हेच वर्ष.

माणसाच्या बाबतीत ही हानी सावकाश होते. कॉर्टिसॉल रात्रीही उतरत नाही, त्यामुळे झोप उथळ लागते. पुरेशी झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी उत्साह नाही. उत्साह नाही म्हणून कामे तुंबतात. आणि तुंबलेल्या कामांची काळजी रात्री पुन्हा उशाशी येऊन बसते. भूक बिघडते. स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांची साखर केली जाते, म्हणजे कणगीतील धान्य संपल्यावर घराचे वासे जाळण्यासारखेच ते झाले. सर्दी-पडसे वरचेवर होते, लहानशी जखमही लवकर भरत नाही.

यावरून काही लोक असे म्हणू लागले की, ताणामुळे अधिवृक्क ग्रंथीच थकतात आणि त्यांना ताजेतवाने करणारी चूर्णे व गोळ्या घेतल्या पाहिजेत. अशा औषधांच्या जाहिरातीही होतात. हे मत मात्र शास्त्राला मान्य नाही. निरोगी माणसाच्या ग्रंथी काळजीने थकून बंद पडतात, असे तपासणीत आढळलेले नाही. थकते ते सारे शरीर, आणि त्याला हवी असते ती झोप, अन्न व मनाची मोकळीक. शिवाय सदाच थकवा वाटण्याची इतर कारणे पुष्कळ आहेत. रक्तात लोह कमी असणे, हे आपल्याकडे मुलांत व स्त्रियांत फार आढळणारे कारण. अवटू ग्रंथीचा विकार, मधुमेह व क्षय हीही कारणे असू शकतात. बाजारातील चूर्ण घेत बसल्यास खरा रोग लपून राहतो. सेवाग्रामला डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली, ती खेड्यातील माणसाला अशी तपासणी जवळच मिळावी, आणि खेड्याची दुखणी जाणणारे डॉक्टर तयार व्हावेत, याच हेतूने.

थकलेले शरीर पुन्हा कसे सावरते, याचे एक बोलके उदाहरण वर्ध्याच्याच भूमीत घडलेले आहे. ते विनोबा भावे यांचे होय.

विनोबा १९२१ साली गांधीजींच्या आज्ञेवरून वर्ध्याचा आश्रम चालविण्यासाठी आले. पुढे ते वर्ध्याजवळच्या नालवाडी या वस्तीत राहू लागले. कातणाऱ्या मजुराला मिळते तेवढ्याच मजुरीवर आपला निर्वाह करून पाहावा, असा संकल्प करून ते दिवसाचे कित्येक तास सूत कातीत. त्याखेरीज अध्यापन, अध्ययन, आश्रमाचा कारभार, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शंका, हे सर्व होतेच. त्यांच्या मनाचा निग्रह दांडगा होता, आणि शरीराकडून किती घ्यावे याला त्यांनी मर्यादा ठेविली नव्हती. १९३८ साली त्यांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे अवघ्या ४० किलोग्रॅमांवर आले. त्या वेळी ते बेचाळीस वर्षांचे होते. पाहणाऱ्यांना त्यांची चिंता वाटू लागली.

गांधीजींनी त्यांना बोलावून घेतले आणि उपचारांची गोष्ट काढली. एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जावे, अशी सूचना पुढे आली. विनोबांना ती रुचली नाही. वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी पवनार हे गाव आहे. तेथे एका टेकाडावर जमनालाल बजाज यांचा बंगला होता. आपण तेथेच जाऊन राहतो, असे विनोबा म्हणाले. गांधीजींनी संमती दिली, परंतु एक अट घातली. आश्रमाच्या साऱ्या चिंता मागे ठेवून जावयाचे. तेथील प्रश्नांचा विचार करावयाचा नाही, आणि त्यांची चर्चाही करावयाची नाही. औषधांच्या पुड्यांपेक्षा ही अट पाळणे कठीण होते. अंगावर घेतलेले काम खाली ठेवणे, हे निष्ठावंत माणसाला सर्वांत अवघड जाते.

७ मार्च १९३८ रोजी विनोबा मोटारीने पवनारास निघाले. गाडी धाम नदीच्या पुलावर आली, तेव्हा 'मी सोडले' अशा अर्थाचे संस्कृत शब्द त्यांनी तीनदा उच्चारले. आणि खरोखरच सर्व सोडून ते पैलतीरी गेले. पहिले काही दिवस त्यांनी काहीही केले नाही. बंगल्यासमोरच्या मोकळ्या जागेत थोडे फिरावे, आणि नागपूरच्या रस्त्याने जाणारी-येणारी माणसे व वाहने पाहत बसावे, एवढाच कार्यक्रम होता. जो मनुष्य मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवी, तो रस्त्यावरची वर्दळ पाहत बसला आहे, हे दृश्य त्यांच्या सहकाऱ्यांना नवलाचे वाटले असेल.

मग त्यांनी कुदळ हाती घेतली. पहिल्या दिवशी ते शेतात खणू लागले ते फक्त पाच मिनिटे. हळूहळू वेळ वाढवीत काही महिन्यांनी ते दिवसातून दोन तास खणू लागले. खणण्याचीही त्यांची एक रीत होती. काही वेळ खणावे, काही क्षण थांबावे, श्वास स्थिर होऊ द्यावा आणि मग पुन्हा कुदळ उचलावी. दमछाक होईपर्यंत ते कधी खणीत नसत. असे खणता खणता जमिनीतून जुनी शिल्पे वर आली. त्यांतील एका शिल्पात विनोबांना राम व भरत यांची भेट दिसली, आणि ते पवनारच्या आश्रमात आजही आहे. परंतु त्या खोदकामातून निघालेला खरा ठेवा निराळाच होता. विनोबांचे वजन ८८ पौंडांचे १२८ पौंड झाले!

रक्तातील कॉर्टिसॉल मोजण्याची सोय १९३८ साली नव्हती. म्हणून विनोबांचे दुखणे केवळ या ग्रंथींमुळे होते असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि त्यांच्या बरे होण्याचा क्रम मोठा उद्बोधक आहे. पवनारची हवा काही थंड नव्हे. मार्च उलटला की वर्ध्याकडचे ऊन अंग भाजून काढते. बदलले होते ते असे की, रात्रंदिवस चाललेला मनाचा पहारा उठला. आणि खणणे हा जरी शरीरावरील ताणच असला, तरी त्याला आरंभ व शेवट होता. कुदळ उचलली की कणगी उघडे, कुदळ ठेवली की मिटे. चिखलात रुतलेली बंडी ओढून काढल्यावर शहाणा धनी बैलांना सोडून झाडाखाली उभे करतो, त्यातलाच हा प्रकार. जे बैलाला देतात ते स्वतःला देण्याचे मात्र पुष्कळांना सुचत नाही.

खुद्द गांधीजींनाही हे अनुभवानेच शिकावे लागले होते. डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्यास असताना अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली आणि रक्तदाब फार वाढला. पुढेही या विकाराने त्यांना अनेकदा त्रास दिला. देशाच्या चिंता सोडून देणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी निराळा मार्ग धरला होता. सोमवारी ते मौन पाळीत. कोणी काही विचारलेच तर कागदाच्या चिठोऱ्यावर उत्तर लिहून देत. सकाळ-संध्याकाळ फिरावयास जाणे आणि कपाळावर व पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवून स्वस्थ पडणे, हेही नेमाने चाले. बाहेर पुढारी ताटकळत असले, तरी हा क्रम सहसा मोडत नसे.

पवनारास विनोबा गेले ते काही महिन्यांच्या विश्रांतीसाठी. पण ते गाव त्यांचे कायमचे घर झाले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले भाषण त्यांनी तेथेच केले. मार्च १९५१ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, ते हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या संमेलनासाठी वर्ध्याहून पायी निघाले. एप्रिलमध्ये तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांना भूमिहीनांसाठी पहिले भूदान मिळाले, आणि मग ते देशभर चालतच राहिले. पहाटेच्या अंधारात निघावे, ऊन चढण्यापूर्वी पुढचे गाव गाठावे, दिवसभर लोकांशी बोलावे आणि रात्री लवकर झोपी जावे, असा त्यांचा नेम होता. तो तेरा वर्षे चालला. १९६४ साली ते पवनारास परतले, तेव्हा त्यांना अडुसष्ट वर्षे पूर्ण झाली होती.